एका हाताने बांधलेली गाठ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो. जखम, रक्त, औषध — डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. तरीही हे लिहितोय, कारण आभार मानायचेत आणि पत्ता ठाऊक नाही.

शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत होतो तेव्हा आमच्या दवाखान्यात एक म्हातारी आली. बंदूकवाले गावात शिरल्यावर सगळे पळाले, हिला पळता आलं नाही. सून कुठे लपलीय ते सांगेना म्हणून बंदुकीच्या दस्त्याने तिचा उजवा हात मोडला. आणखीही बरंच केलं... चौकशीवाले तरुण बायकांचे जबाब घेऊन गेले. म्हातारीला कोण काय करणार, असं सगळ्यांनीच धरून चाललं — पहिले दोन दिवस मीसुद्धा. तिसऱ्या दिवशी दुभाष्याला घेऊन शेजारी बसलो, तेव्हा ती बोलली. हाताची झोळी तिची तिला बांधता यावी म्हणून मी एक गाठ शिकवली. एक टोक दातात धरायचं, डाव्या हाताने फास फिरवायचा. गाठ माझीच, कुठल्या पुस्तकातली नाही. घरी मात्र यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षीची गोष्ट, देवळाली प्रवरा. भर दुपारी आई उसाच्या बांधावर एकटीच गवत कापत होती. विळा निसटला आणि पोटरी चिरली. हाक ऐकायला चिटपाखरू नाही. शेजारच्या काकांना ती सापडली तेव्हा बेशुद्ध होती, पण रक्त थांबलेलं. मी नगरहून दवाखान्यात पोहोचलो तर डॉक्टर पट्टी सोडतच होते.

"कोणी बांधली ही? हिच्यामुळेच वाचल्या या," ते म्हणाले.

लुगड्याची चिंधी... आणि माझी गाठ. टोकावर दातांचे ठसे. आमच्या मातोश्रींच्या तोंडात औषधालाही दात नाही.

शुद्धीवर आल्यावर आई म्हणाली, "उसातून एक बाई आली. काळी, उंच, माझ्याच वयाची. उजवा हात गळ्यात बांधलेला. बोलली काईच न्हाई."

मी हबकलो. मग आईला सगळं सांगितलं, प्रथमच. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. आई घरात हिंडताना दिसली की मी मनातल्या मनात हात जोडतो, एवढंच.

ते सगळं ऐकून आई घाबरली नाही. म्हणाली, "माझ्यासाठी ती आली. तिच्यासाठी कोन आलं हुतं रं?"

"कोनीच न्हाई, आई," मी म्हणालो.