अकरा मागण्या आणि दोन मिनिटं

माझ्या धाकट्या बहिणीला इथे अमेरिकेत शाळेत नेमलेल्या पोलिसाने गणिताच्या तासाला वर्गातून उठवून नेलं, तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. ती चौदाची. पार्किंगमधल्या मारामारीचा व्हिडिओ कुणीतरी तिला पाठवला होता, एवढ्यावरून तिला छोट्या खोलीत एकटीला बसवून तो तासभर प्रश्न विचारत राहिला. घरी फोन नाही. दोष काही निघाला नाही, सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत जाईना.

मला संताप आला, म्हणून मी पत्रक लिहिलं. दुसरं काही येतच नव्हतं. पत्रक लिहायला आमच्या विहारातल्या एका काकांनी शिकवलं होतं, नागपूरला त्यांची विद्यार्थी चळवळीत हयात गेलेली. आधी वंदन, मग परिस्थिती, मग मागण्या. माझ्या अकरा झाल्या. पोलिसाचं प्रशिक्षण, त्याची बंदूक, त्याचा गणवेश, जागतिक भांडवलशाही. चौकशीआधी पालकांना फोन करा, ही नववी.

बहिणीने वाचून विचारलं, "ताई, यात मी कुठे आहे?"

तू व्यवस्थेच्या बळींची प्रतिनिधी आहेस, असं मी तिला समजावलं. तिने खोलीचं दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात स्कूल बोर्ड शाळेत पोलीस ठेवण्याचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरवणार होतं. सभेत कुणीही बोलावं, प्रत्येकाला दोन मिनिटं. बाबा बेलव्ह्यूच्या ऑफिसात अडकले होते आणि क्रांतीला, म्हणजे मला, अजून ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं नव्हतं, म्हणून आईने नेलं. फार्मसीच्या काउंटरवरून ती तशीच आली होती, गळ्यात बिल्ला. दारात एक कागद होता. आईने सही केली. आमच्या कार्यक्रमांत दारात हजेरीची वही असते आणि आईने ती कधी चुकवलेली नाही.

माझं नाव पुकारलं गेलं. मी उभी राहिले. महामानवांना वंदन केलं, अध्यक्षबाईंना, मंचावरच्या मान्यवरांना, शिक्षकांना, पालकांना आणि संघर्षातल्या साथीदारांना नमस्कार केला. सगळं इंग्रजीत. साथीदार म्हणजे आई. मग परिस्थितीकडे वळले आणि वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, मागण्यांवर येतेच आहे. अध्यक्षबाईंनी आभार मानले. माइक बंद झाल्यावरही मी एक वाक्य बोलले, ते कोणतं हे आईलाही आठवत नाही.

पुढचं नाव आईचं निघालं. तो कागद वक्त्यांचा होता.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा उद्योग माझाच. मग उठली, आणि बोर्डाकडे न बघता भिंतीशी बसलेल्या त्या पोलिसाकडे वळली. माझ्या पत्रकात तो दमनयंत्र होता. प्रत्यक्षात तिशीतला, टोपी गुडघ्यावर ठेवलेला माणूस. आईने काउंटरवरच्या तिच्या इंग्रजीत त्याला विचारलं, माझ्या मुलीला खोलीत नेलंत तेव्हा आम्हाला फोन का नाही केलात?

बोर्डाशी बोला, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. पण तो उठला. शाळेत गोळीबार झाला तर दारं कशी बंद करायची, कॉरिडॉर कसा रिकामा करायचा हे शिकवलं होतं, म्हणाला. समोर मूल रडायला लागलं तर काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"मग मी सांगते," आई म्हणाली. "आधी घरी फोन करा. मुलीला पाणी द्या. आम्ही पोचेपर्यंत काही विचारू नका."

ती बसली तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक होता.

करार चालूच राहिला, पण बोर्डाने त्यात एक ओळ घातली. चौकशीआधी पालकांना कळवावं, "शक्य असेल तिथे". हे शेवटचे तीन शब्द ऐकून मी पुन्हा उठायला लागले, तर आईने माझं जॅकेट धरून ठेवलं. त्या तीन शब्दांचा राग मला अजून येतो, आणि तो बरोबरच आहे.

बाहेर तो पोलीस नंबर मागायला आला. मी तत्परतेने माझा सांगू लागले, सोबत पत्रक.

"माझा घ्या," आई त्याला म्हणाली. "हिला फोन केलात तर शाळा सुटेल, हिचं संपणार नाही."

घरी बहिणीने विचारलं, ताई बोलली का? बोलली, आई म्हणाली, सगळ्यांचं स्वागत फार छान केलं. मग पोलिसाला काय सांगितलं ते बहिणीने आईला दोनदा सांगायला लावलं.

सोमवारी बहीण शाळेत जायला आईच्या गाडीत बसली. मला येऊ दिलं नाही. उतरताना आईला एवढंच म्हणाली, "फोन सायलेंटवर नको ठेवूस."

काउंटरवर फोन जवळ ठेवायला बंदी आहे. आई शाळेच्या दारातून थेट फार्मसीच्या मॅनेजरकडे परवानगी मागायला गेली.