वाउटरचे खिळे

अँटवर्पच्या धक्क्याजवळ गोमारचा छापखाना होता. माणूस कामाला चोख, बोलायला गोड. भित्रा म्हणून मात्र त्याला कुणी ओळखत नव्हतं. तो स्वतःही नाही.

एका व्यापाऱ्याने पाद्र्यांना शिव्या घालणारं, बंदी असलेलं चोपडं त्याला गुपचूप छापायला दिलं. गोमारचे बारीक अक्षरांचे छपाईचे खिळे झिजलेले होते. म्हणून शेजारच्या छापखान्यातल्या वाउटरकडून त्याने दोन पेट्या उसन्या आणल्या, काम उरकलं आणि खिळे धुऊन परत केले. कशाला हवेत, हे भल्या वाउटरने विचारलंही नाही.

महिनाभरात चोपडं कोतवालाच्या हाती लागलं. छापणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं. पण कुठला खिळा कुठे मोडलाय हे धंद्यातल्या माणसाला छापलेल्या अक्षरात दिसतं, आणि त्यावरून खिळे कुणाचे तेही कळतं. कोतवालाने जाणकार म्हणून बोलावलं ते नेमकं गोमारला.

"बघा नीट. कुणाचे खिळे हे?"

गोमारने पान उजेडात धरलं. माहीत नाही म्हणावं, तर झडतीची धाड आपल्याही दारात येणार.

"वाउटरचे, साहेब."

शब्द खरा होता. असल्या खऱ्याला आग लागो!

वाउटरने फटके खाल्ले, पण खिळे कुणी नेले होते ते सांगितलं नाही. त्याला शहराबाहेर हाकललं, छापखान्याला टाळं लागलं. पंधरा दिवसांनी त्याची बायको बार्बेल गोमारच्या दारात उभी राहिली.

"भावजी, कागदांच्या घड्या घालायचं काम आहे का?"

गोमारने तिला लगेच बसवून घेतलं. ती दिवसभर घड्या घाली, दुपारी पाव न् खारी मासळी खाई, आणि गोमार तिच्याकडे पाठ करून छापयंत्राचा दांडा ओढत राही.

"वहिनींशी दोन शब्द बोला की!" त्याच्या बायकोने एकदा झापलं. "एवढा कसला तोरा?"

तोरा! गोमारला स्वतःची किळस आली. त्याच दुपारी तो बार्बेलपुढे जाऊन उभा राहिला.

"वहिनी, ते चोपडं मी छापलं. वाउटरचं नावही मीच घेतलं."

बार्बेलचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे. पेट्या तुमच्या हातात मीच तर दिल्या होत्या."

"मग... इथे कशा आलात?"

"दुसरीकडे विनवण्या कराव्या लागल्या असत्या, भावजी. तुम्ही नाही म्हणणार नव्हतात. आता सरका, उजेड अडवताय."

गोमार मान खाली घालून सरकला.