भुईला सांगितलेली हाक

देवाचं नाव पुढे करून मी एकदा एका पोरीला नजरेआड केलं होतं. ही गोष्ट मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. लोक मला भाविक म्हणतात तेव्हा आत काहीतरी टोचतं. चाळिशी उलटली; आता लिहूनच टाकावं.

मी मूळचा मुरबाडकडचा. मास्तरकीची पहिली नेमणूक शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे डोंगराला टेकलेल्या एका गावात झाली. मास्तर एकटाच, इयत्ता चार, आणि मारुतीच्या देवळाची पडवी हीच शाळा. तिथे ठकी नावाची लहानशी पोर येई. आई नव्हती, बाप मजुरीला परगावी. भागी नावाची आत्या तिला सांभाळी. गोवरातून उठल्यापासून पोर येडी झाली, असं गाव म्हणे. मागून हाक मारली तर ती वळून बघत नसे, आणि समोरून विचारलं तर एखादं उत्तर अगदी बरोबर देई. म्हणून मला ती येडी नव्हे, हट्टी वाटे. मी तिच्या हातावर छड्याही मारल्या. ती रडत नसे, नुसती माझ्या तोंडाकडे टक लावून बघे. त्या बघण्याचा मला राग यायचा.

दिवाळीनंतर तपासणी आली. आमच्या भागातल्या मास्तरांची एक रीत होती: शाळा तपासणारे दिपोटीसाहेब यायच्या दिवशी कच्ची पोरं गुरांमागे नाहीतर लाकडांना धाडायची, म्हणजे शेरा चांगला पडतो. मी तर त्यात देवालाही ओढलं. ठकीच्या हातात नारळ दिला आणि म्हटलं, "वाघोबाला ठेवून ये. मी हाक मारीपर्यंत तिथनं हलू नको." वाघोबा म्हणजे गावाबाहेरच्या माळावरचा शेंदूर फासलेला दगड, वाघ कोरलेला. शाळेतून ओरडलं तर सहज ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

साहेब खूश होऊन गेले. मी माळाच्या कडेला जाऊन हाक मारली. उत्तर आलं नाही. तोवर घाटावरून अवकाळी ढग खाली उतरला होता आणि भर दुपारी माळ दिसेनासा झाला होता.

भागी धावत आली. "मास्तर, माझी ठकी कुटं हाय?"

"देवाला पाठवलीय," मी म्हणालो. शब्द खरा होता, म्हणून जास्तच जड गेला.

भागीचा शेजारी धर्मा काठ्या घेऊन आला आणि आम्ही तिघं माळावर चढलो. तो माळ पोकळ आहे. चालताना पावलाखाली घुमतो. वाघोबापुढे नारळ नव्हता, पोर नव्हती. ओल्या मातीत पंजाचा ठसा होता, ताजा. धर्मानं चटकन त्यावर पाय ठेवला. "भिऊ नको गो भागी, वाघोबा आपल्या दारची पोरं खात नाय," तो म्हणाला, पण ठशावरचा पाय त्यानं उचलला नाही. आम्ही घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. त्या धुक्यात शिरत आणि तिथेच विरून जात. माळाच्या पलीकडे कडा होता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मी दगडापुढे गुडघे टेकले. नवस बोलायला तोंड उघडलं आणि थांबलो. ज्या देवाच्या नावावर पोर लपवली, त्याला काय कबूल करणार? तेव्हा दगडाच्या पलीकडे एक म्हातारी पाठमोरी बसलेली दिसली. आम्ही धुक्यानं निथळत होतो. तिचं लुगडं कोरडं होतं. मान न वळवता ती म्हणाली, "गळा कशाला फोडतोस? तिला कान नायत. भुईला सांग. कांडण घाल."

छड्या खातानाची ठकीची ती नजर एकदम आठवली. ती माझे ओठ बघत असायची.

भागीनं आणि धर्मानं काठ्या उभ्या धरल्या आणि भात कांडताना दोन मुसळं पडतात तशा आळीपाळीनं भुईवर हाणायला लागली. धप, धप. माळ खालून घुमू लागला. किती वेळ गेला कळलं नाही. मग कड्याच्या अंगानं धुकं हललं आणि ठकी आली, छातीशी नारळ घट्ट धरून. "आत्ये, भुई हालली," ती म्हणाली. "मला वाटलं, तू कांडतेस."

मी वळून पाहिलं. दगडापलीकडे कुणी नव्हतं. धर्माला विचारलं, तर तो म्हणाला, "कंची म्हातारी? कांडण घाला म्हणून तुमीच तर बोललात!"

यावर मी कधी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ठकी माझ्या समोर बसू लागली. बोलताना मी तिच्याकडे तोंड करी. पाढे म्हणताना ती तळहात समोरच्या लाकडी फळीवर ठेवी आणि पोरं त्या फळीवर ठेका धरीत. तिला बोलवायचं तर जमिनीवर थाप मारीत. पुढच्या तपासणीला मी एकही पोर बाहेर धाडलं नाही. साहेब मिशीवर हात ठेवून प्रश्न विचारू लागले, तशी ठकी म्हणाली, "हात काडा, मंग सांगते." पोरं खदखदून हसली. शेरा वाईट पडला. त्या रात्री मी शांत झोपलो.

परवा मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत ती भेटली, नवऱ्याबरोबर बैल बघायला आलेली. मी तिच्यासमोर उभा राहून सावकाश सगळं सांगितलं. ती हसली. "मला ठावं हाय, मास्तर. त्या दिशी तुमी तोंड फिरवून बोललात. नारळ न्यायचा तेवढं कळलं, कुटं ते नाय. म्हून मी भटकत गेले."

मला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. लाजेनं मान फिरवली असणार. पोर कड्यापाशी गेली ती माझ्या त्या फिरवलेल्या मानेमुळे, आणि परत आली ती कुणामुळे, हे विचारायची माझी लायकी नाही. मी फक्त हात जोडतो. देवाशी बोलताना आता तोंड फिरवत नाही; जसा आहे तसा त्याच्यासमोर बसतो. पुढचं त्याचं तो बघतो.