हॉलमधलं अंथरूण

रिक्षात वहिनी मलमाची ट्यूब नुसती उलटीसुलटी करत होत्या. लघवीला जळजळ होते म्हणून मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. "पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा पडतो. त्यानेच जळजळ होते, संबंधाच्या वेळी दुखतं. हे लावत जा, बरं वाटेल," बाई सहज म्हणाल्या होत्या.

"एवढंच होतं होय?" वहिनी पुटपुटल्या. "दुखायचं म्हणून मी पंखा सोसत नाही असं सांगून हॉलमध्ये निजायला लागले. ह्यांना वाटलं, ते मला नकोसे झाले."

गुडघेदुखी आपण अख्ख्या बिल्डिंगला सांगतो. हे दुखणं मात्र शेजारी निजणाऱ्यालाही सांगवत नाही.

माझा दादा जाऊन वर्ष झालं. आतला पलंग रिकामाच असतो. वहिनी अजूनही हॉलमध्येच अंथरूण घालतात.