चुन्याचा मिस्त्री

“सिमेंटची एक पाटी आत आणलीत, तर याच भिंतीत गाडीन एकेकाला!”

मिस्त्री ओरडला आणि तिकडे वर्सोव्याला दोरीवर सुकत घातलेले बोंबील खाली पडले, असं मी अजून अंधेरीभर सांगतो. आमच्या गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या, बुटक्या चॅपेलची डागडुजी तो करत होता. कोकणातला गवंडी, गळ्यात तुळशीची माळ. एरवी दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले तीन भिंतीशी. डॉक्टर छातीला नळी लावतो तसा तो दगडाला कान लावी, टकटक करी आणि “हं” म्हणे. चुन्यात गूळ-मेथीचं पाणी घोटताना जवळ कुणी शिंकलं तरी डोळे वटारी.

त्या दिवशी चॅपेलचे कारभारी अंकल सिमेंट घेऊन आले. त्या काळी सिमेंट सरकारी परमिटवरच मिळे, त्यामुळे गोण्यांपुढे ते वरातीत चालावं तसे चालत होते. रविवारी त्यांच्या मुलीचं तिथेच लग्न होतं.

“भिंत चकाचक पाहिजे रे! तुझा चुना कधी वाळणार?”

गेल्या वर्षी कुणीतरी सिमेंटने लिंपलेला कोपरा मिस्त्रीने छिन्नीने फोडला. आत कोंडलेल्या ओलीने जुन्या चुन्याचा पार शिरा झाला होता. तो भसकन अंकलच्या बुटांवर आला.

अंकलनी बूट झटकले. मग त्यांनी गोण्या परत पाठवल्या.

“पण मिस्त्री, पाहुण्यांना सांगू काय?”

“भिंतीला टेकू नका म्हणावं. ओली असेल.”