गाल फुगलेली चिलापी

मी दुसरी शिकलोय, पण मासे कसे पाळायचे ते सोलापुरात मला कुणी शिकवू नये. बाहत्तर सालाच्या आसपास माझ्या सलूनमध्ये काचेची पेटी होती. तिच्यात एक शिकारी मरळ आणि चिलापीची जोडी. चिलापीला पिल्लं झाली तेव्हा गिऱ्हाईकं म्हणाली, "मरळ काढा, एक पिल्लू ठेवायची न्हाय ती." मी म्हणालो, "तिच्यासमोरच वाढवून दाखवतो."

दर रविवारी एक गिरणी कामगार दाढीला यायचा. बोलायचा कमी, पेटीकडं बघत बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा त्याच्या गालाला साबण लावला आणि बघतो तर मरळ पिल्लांवर आली. चिलापीनं तोंड उघडलं नि सगळी पिल्लं आत ओढली. आईच पिल्लं खातेय म्हणून तिला बाहेर काढायला मी पाण्यात जाळी घातली. तो साबणासकट उठला आणि माझं मनगट धरलं.

"मालक, थांबा की. गाल फुगलाय, पण पोट बघा, खपाटीला हाय. खाणाऱ्याचं पोट असं असतं व्हय? पोरांना तोंडात धरून बसलीया ती."

मरळ मागं सरली. चिलापीनं तोंड उघडलं, पिल्लं बाहेर आली. तो खुर्चीत बसला, हनुवटी वर केली. "हं, करा आता."

मग मी पिल्लांना लपायला कोपऱ्यात फुटकी कौलं रचली आणि त्याच पेटीत पिल्लं बोटाएवढी केली. कसं जमलं म्हणून लोक विचारायचे. मी छाती काढून सांगायचो, एका गिऱ्हाइकानं वेळेवर माझा हात धरला. असं मी दुसऱ्या कुणाबद्दल बोललेलो नाही.