लिनक्सवरची बस

विरूपाक्ष मगदूम कुरुंदवाड डेपोत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. हे सोबतचे लोक सांगायचे. ते स्वतः सांगत नसत. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, "एक कोंबडी हुती. पन ती आदीच मेल्याली हुती."

दोन हजार साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तपासणीत त्यांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. त्या डोळ्यानं दिसायचं जवळजवळ बंदच झालं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं. चहाचा कप घ्यायला गेले की हात कपाच्या चार बोटं अलीकडं थांबायचा, एवढंच. साहेबांनी त्यांना स्टेरिंगवरून उतरवलं आणि डेपोतच हलकं काम देऊ केलं. विरूपाक्षांनी तीन दिवस विचार केला आणि अर्ज लिहिला. 'गाडी चालवायची नसेल तर गाड्या बघत बसणे जमणार नाही.' नोकरी सोडून ते बायको मल्लव्वाला घेऊन कोल्हापुरात आले. शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत, मागच्या बाजूच्या दोन खोल्या मिळाल्या. मुलगी दानेश्वरी तिथूनच लग्नपत्रिकांचं टायपिंग करायची. दोन हजार तीन साली तिचं लग्न झालं, ती हुबळीला गेली आणि जाताना आपला कॉम्प्युटर आईवडिलांकडं ठेवून गेली. मल्लव्वानं त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घातला.

पुढच्या वर्षी दिवाळीला जावई महांतेश आला. सासऱ्यांसाठी त्यानं एक खोकं आणलं होतं. आत सीडी होती, बस चालवायच्या खेळाची. खरी, दुकानातून घेतलेली, आत नंबर छापलेला कागदसुद्धा.

"आप्पा, ह्यात बस हाय. तुमी बसून चालवायची," महांतेश म्हणाला.

"बसून न्हाई तर काय उभारून चालवतात?" विरूपाक्ष म्हणाले. पण खोक्यावरचं चित्र त्यांनी पुढून बघितलं, मागून बघितलं, मग चष्मा पुसून परत पुढून बघितलं.

कॉम्प्युटर सुरू करायला गेले तर तो सुरूच होईना. आतलं विंडोज व्हायरसनं खाल्लं होतं. पाडवा झाला, पाहुणे गेले आणि विरूपाक्षांनी गल्लीच्या तोंडाला सायबर कॅफे चालवणाऱ्या गुंडूला बोलावून आणलं. गुंडूनं पाकिटातून एक सीडी काढली. तिच्यावर मार्करनं नुसतं 'विन' लिहिलं होतं.

"अर्ध्या तासात घालून देतो, आण्णा."

"हेचा परवाना कुणाच्या नावावर हाय?"

गुंडू हसला. "परवाना कसला? सगळं कोल्हापूर ह्याच सीडीवर चाललंय."

"मग सगळं कोल्हापूर विनापरवाना चाललंय," विरूपाक्ष म्हणाले. "मी न्हाई चालवनार. काढ ती."

गुंडूनं त्यांना दोन-तीन प्रकारे समजावून बघितलं. मग कंटाळून तो दुकानात गेला आणि कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या चार सीडी घेऊन परत आला. "हे लिनक्स. विंडोजच्या जागी चालतंय, आणि फुकट हाय. कुणीबी वापरा, कुणालाबी द्या, कोन काय म्हणत न्हाय."

"असं कुठं लिवलंय?"

लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. विरूपाक्षांनी गुंडूला खुर्ची दिली आणि अख्खा परवाना वाचून त्याचा अर्थ सांगायला लावला. त्यात दीड तास गेला. गुंडूनं पुढं सगळ्यांना सांगितलं की लिनक्सचा परवाना शेवटपर्यंत वाचलेला माणूस आपण एकच बघितला, आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं.

लिनक्स बसलं. छान चाललं. पत्ते खेळता आले, घड्याळ दिसलं. बसच्या खेळाची सीडी आत घातली तर त्यानं तिच्यातल्या फायलींची यादी दाखवली आणि ही कशानं उघडू, असं विचारलं. विरूपाक्षांना हा प्रश्न रास्त वाटला, पण उत्तर येत नव्हतं. ते सायबरवर गेले.

संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या पीसीओवरून नव्हे, घरमालकांच्या फोनवरून हुबळीला दानेश्वरीला फोन लावला. हा फोन मधल्या बोळात होता आणि ट्रंककॉलच्या दिवसांपासूनच्या सवयीनं ते ओरडून बोलायचे. मल्लव्वा आत भाकरी थापत होती. तिला एकच बाजू ऐकू आली.

"चालत न्हाई, दानव्वा! वाईन न्हाई म्हणून चालत न्हाई! ... गुंडू म्हणतोय, वाईन घातली की गाडी चालतीया! ... व्हय, देतो म्हणालाय! उद्या आणतो घरात!"

मल्लव्वानं तवा उतरवला. तिच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडं, सात पिढ्यांत कुणी दारूच्या बाटलीचं बूच उघडलं नव्हतं. विरूपाक्ष आत आले तेव्हा ती गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून भिंतीला टेकून बसली होती.

"अठ्ठावीस वर्षं हातात स्टेरिंग होतं, तवा थेंबाला शिवला न्हाईसा. आणि आता घरात बसून, ह्या वयात?"

"कशाला शिवलो मी?"

"मी सगळं ऐकलंय."

तिला समजावायला विरूपाक्षांना जेवणवेळ पुरली नाही. वाईन हे एका प्रोग्रामचं नाव आहे, विंडोजचा खेळ लिनक्सला कळत नाही, वाईन मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावतं, आपण निपाणीच्या पलीकडं गेल्यावर तू मला कन्नडचं मराठी करून सांगतीस तसं. हे मल्लव्वाला पटलं. नाव मात्र पटलं नाही. ती शेवटपर्यंत त्याला 'तुमचं ते' म्हणत राहिली.

वाईन सायबरमध्ये सीडीवर उतरवून घेतलं आणि विरूपाक्षांनी ते घरी बसवलं. काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरं टाइप करावी लागत. कागदावर लिहून आणलेलं एकेक अक्षर ते एका बोटानं दाबत, दाबल्यावर कागदावर त्याच्याखाली टिंब देत. तिसऱ्या दिवशी खेळ उघडला. पडद्यावर एक लांबलचक निळी बस उभी राहिली. विरूपाक्षांनी मल्लव्वाला हाक मारली. त्यांनी पुढं जायचं बटण दाबलं. बस गेली नाही. चार सेकंदांनी तिनं एक ढेंग टाकली आणि पुन्हा उभी राहिली. पुन्हा चार सेकंद, पुन्हा एक ढेंग.

"क्लच गेलाय," मल्लव्वा म्हणाली. ड्रायव्हरशी संसार करून एवढं तिला कळत होतं.

गुंडू येऊन बघून गेला. "आण्णा, ड्रायव्हर न्हाय म्हणून चालत न्हाय."

विरूपाक्षांनी छातीवर हात ठेवला. "मी कोन मग?"

"तुमी नव्हं हो. ह्या ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर. त्यो येगळा असतोय."

"अस्सं," विरूपाक्ष म्हणाले. "त्येचे डोळे तपासल्यात का?"

कार्डाचा ड्रायव्हरही सीडीवर आला. तो बसवायला चित्रांचा पडदा पूर्ण बंद करून नुसत्या काळ्या पडद्यावर काम करायचं होतं. विरूपाक्षांनी केलं. त्यानंतर अकरा दिवस त्यांच्या कॉम्प्युटरवर काळ्या पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांशिवाय दुसरं काही दिसलं नाही. घड्याळ गेलं, पत्तेही गेले. गुंडूला एवढ्या खोलातलं कळत नव्हतं. त्यानं इंटरनेटवर एका ठिकाणी, जिथं लिनक्सवाले एकमेकांना विचारतात, इंग्रजीत प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी लांबच्या कुठल्या तरी देशातून एका ओळीचं उत्तर आलं. लॉग पाठवा.

लॉग म्हटल्यावर विरूपाक्षांना बरं वाटलं. ड्यूटी संपल्यावर लॉगशीट भरून द्यायची, गाडीत काय खोट आहे ते त्यात लिहायचं, हे त्यांनी हजारो वेळा केलं होतं. घरी बसून त्यांनी पडद्यावरचा सगळा लॉग वहीच्या कागदावर उतरवून काढला. त्याची नऊ पानं झाली. इंग्रजी वाचता येत नसलं तरी अक्षर सुरेख होतं. खाली सही केली, तारीख घातली.

"आण्णा, फ्लॉपीत घालून आणायचं हुतं की वो," गुंडू म्हणाला आणि डोकं धरून बसला. पण नऊ पानं बघितल्यावर त्याला नाही म्हणवेना. त्यानं शेवटची दोन टाइप करून पाठवली. त्या दोन पानांतच खोट सापडली. एका फायलीत कार्डाचं नाव लिहिताना विरूपाक्षांनी शेवटी पूर्णविराम दिला होता.

टिंब खोडलं. पडदा उजळला. बस धावली. आवाज तेवढा येत नव्हता.

विरूपाक्ष त्या खुर्चीत ताठ बसले. कीबोर्डवर बोटं आणि खाली फरशीवर डावा पाय, क्लच नसला तरी दाबायला. पडद्यावर रस्ता सरळ आत जात होता. थोडं चालवल्यावर त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि त्यांनी उजवा डोळा हातानं झाकून बघितला, मग उघडून बघितला. काहीच फरक पडत नव्हता. पडदा सपाट होता. त्यात कुठलीच गाडी खरोखर लांब नव्हती की जवळ नव्हती. दोन डोळेवाल्यालासुद्धा इथं जेवढं दिसायचं तेवढंच त्यांना दिसत होतं. चार वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. त्यांनी बस बाजूला घेतली, थांबवली, चष्मा काढून पुसला आणि मग चौकातून मुख्य रस्त्यावर घातली. डाव्या बाजूनं, नेहमीसारखी.

समोरून आलेला ट्रक सरळ त्यांच्या तोंडावर आदळला.

खेळ परदेशातला होता. तिकडं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, हे खोक्यावर कुठंही लिहिलेलं नव्हतं.

विरूपाक्ष उठले. पाय धुतले. मग वही घेतली आणि अपघाताचा अहवाल लिहिला. वेळ सकाळी दहा चाळीस. ठिकाण माहीत नाही. जखमी माहीत नाही. कारण, चालकाची चूक. तो कागद कुणाकडं द्यायचा हे न कळल्यानं त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आठ दिवस कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल पडून होता. ते सकाळी फिरायला जात, आल्यावर पेपर वाचत, आणि त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसत. धुण्यात खिशातला कागद सापडल्यावर मल्लव्वानं तो वाचला.

"माणूस मेलं का वो?"

"कळलं न्हाई. पडदा काळा झाला."

"मग मेलं न्हाई."

"अगं, अठ्ठावीस वर्षांत एक ओरखडा न्हाई माझ्या गाडीला. जोतिबाच्या यात्रेला जादा गाड्या काढल्या, एकेकीत नव्वद माणसं, घाटात धुकं. तवा काय झालं न्हाई."

"तवा रस्ता आपला हुता," मल्लव्वा म्हणाली. "तुमी माझ्या माहेरी आलासा की घसा बसल्यागत गप बसतासा. का? तिथली बोली येगळी म्हणून. मग परमुलखात जाऊन आपल्याच बाजूनं गाडी हाणायची, हे कुठलं शाणपण? आणि उजव्या बाजूचं तुमाला दिसत न्हाई हे काय मला म्हाईत न्हाई व्हय? मी बसते तिकडं."

तिनं रुमाल काढला, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि खुर्चीच्या उजव्या बाजूला ठेवून त्यावर बसली. विरूपाक्षांनी खुर्ची जरा डावीकडं सरकवली. मग सीडी घातली.

"उजवीकडं ऱ्हावा," मल्लव्वा म्हणाली. "आणखी उजवीकडं. बोर्ड आला. दिवा लाल हाय, थांबा."

ते थांबले. रस्त्यावर दुसरं कुणीही नव्हतं, तरी दिवा हिरवा होईपर्यंत थांबले. त्या दिवशी दोघांनी मिळून सत्तावीस किलोमीटर केले. नंतर रोज दुपारी चार ते साडेपाच, हा शिरस्ता झाला. विरूपाक्ष सदरा-विजार घालून बसत, घरच्या लुंगीवर कधी नाही. आवाजाचं गुंडूनं बरंच काही करून बघितलं, पण तो काही लागला नाही. मग विरूपाक्षांनीच त्याला ते सोडून द्यायला सांगितलं.

या सगळ्यात त्यांनी केलेली प्रत्येक पायरी वहीत मराठीत लिहून ठेवली होती. गुंडूनं तिच्या झेरॉक्स काढून दुकानात ठेवल्या. लिनक्स घालून खेळ चालवायचा खटाटोप करणारी आणखी चार-पाच माणसं कोल्हापुरात निघाली आणि त्यातली दोन विरूपाक्षांच्या घरी येऊन गेली. एक कॉलेजातले सर होते. त्यांनी वहीतला पूर्णविरामाचा किस्सा वाचला होता, आणि त्यांच्याकडंही तसंच काहीतरी झालं होतं. विरूपाक्षांनी त्यांना चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, "सीडी इकत घेतलीय न्हवं?" सर म्हणाले, घेतली. मगच पुढचं सांगितलं.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात सयाजी भेटायला आला. तो त्यांचा पूर्वीचा कंडक्टर, नोकरी अजून दोन वर्षं बाकी होती. संध्याकाळचे पाच वाजले होते. दार उघडंच होतं. आत खुर्चीवर मल्लव्वा बसली होती आणि उजव्या बाजूच्या स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, विरूपाक्ष. पडद्यावर निळी बस अशी चालली होती की रस्त्याकडंची झाडं एकमेकांत मिसळली होती.

"हे काय, आण्णा?" सयाजीनं विचारलं.

"आज माजी सुट्टी हाय," विरूपाक्ष पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "हिची ट्रायल चाललीया. बस तिथं मागं."

सयाजी मागच्या बाकावर बसला. मल्लव्वानं एक वळण घेतलं, त्यात एक कुंपण गेलं. विरूपाक्षांनी डोळे मिटले आणि उघडले.

"वहिनी, पुडचा थांबा कुठला?" सयाजीनं सवयीनं विचारलं.

"मला काय म्हाईत," मल्लव्वा म्हणाली. "थांबवायचं ह्येंनी अजून शिकिवलं न्हाई."

विरूपाक्षांनी पुढं वाकून तिला ब्रेकचं बटण दाखवलं. तिनं बघितलं, बरं म्हणाली, आणि पुढचा पूल उतरेपर्यंत ते दाबलं नाही.